वेड्या बाभळीचा बंदोबस्त: पडीक जमीन हाती घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यात वडिलोपार्जित पडीक जमीन नव्याने कसायला घेणाऱ्याची गाठ सर्वांत आधी वेड्या बाभळीशी पडते. बांधावर, नाल्याच्या काठाने, पाझर तलावाच्या पोटात आणि सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागलेल्या तुकड्यावर ती उभी असते. बहुतेक जण पहिल्याच उन्हाळ्यात मजूर लावून ती जमिनीसरशी तोडून टाकतात आणि पावसाळा सरेपर्यंत एकेका बुंध्याच्या जागी फोकांचा झुबका उभा राहिलेला पाहतात. झाड ओळखण्यापासून तिसऱ्या वर्षीच्या राखणीपर्यंतची कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे या लेखात सांगितले आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: हातात जितका पैसा असेल तितका सगळा तोडणीवर घालवू नये, त्यातला निम्मा तरी पुढच्या तीन वर्षांसाठी बाजूला ठेवावा. पैसा कमी असेल तर क्षेत्र कमी घ्यावे, पण घेतलेले क्षेत्र शेवटपर्यंत न्यावे.

हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. १८७७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील कडप्पा भागात जमैकाहून आणलेल्या बियांपासून त्याची लागवड झाली. जळण मिळावे, उजाड जमीन झाकली जावी आणि वाळू थोपावी, हा त्यामागचा हेतू होता. जोधपूर संस्थानाने १९४० मध्ये त्याला ‘शाही वृक्ष’ म्हणून मान दिला, आणि १९६०च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खारे रण पुढे सरकू नये म्हणून सरकारनेच ते लावले. आज तिथले पशुपालक गवत गेल्याची तक्रार करतात. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा असे होते. २०२२ मधील फेरवर्गीकरणात ही जात नेल्टुमा या प्रजातीत गेली असली, तरी कृषी आणि वन खात्याच्या कागदांत जुनेच नाव दिसेल.

१. आधी झाड नेमके कोणते ते ओळखा

काटा दिसला की कुऱ्हाड चालवण्याची घाई नडते, कारण एकाच बांधावर तीन-चार प्रकारची काटेरी झाडे उभी असू शकतात आणि त्यांतली काही राखण्याजोगी असतात.

वेडी बाभूळ बहुधा जमिनीलगतच अनेक खोडांत फुटते आणि तिच्या फांद्या वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. फांदी हातात घेऊन पाहिली तर ती प्रत्येक पेराशी थोडी दिशा बदलत नागमोडी गेलेली दिसते आणि त्याच पेराशी काटे जोडीने असतात. फुलांचे तुरे बोटाएवढे, लोंबते आणि पिवळसर हिरवे असतात. शेंग चपटी, साधारण वीतभर लांब आणि पिकल्यावर फिकट पिवळी होते. मोडली तर आतला गर चिकट आणि गोड लागतो. वैशाखात आजूबाजूचे रान करपलेले असताना ही मात्र हिरवी असते.

देशी बाभळीला पिवळे धमक गोल गोंडे येतात, काटे पांढरे, लांब आणि सरळ असतात, आणि राखाडी शेंग प्रत्येक बीजवळ आवळलेली, मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. हिवराची साल फिकट, पिवळसर पांढरी असते आणि त्याला मलईच्या रंगाच्या बारीक गोंड्यांचे मोठे झुबके येतात. सुबाभळीला काटे नसतात, त्यामुळे नावातले साम्य सोडले तर तिच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

खरी गल्लत सौंदडीशी, म्हणजे शमीशी होते. ती वेड्या बाभळीची जवळची नातलग असून तिच्याही फुलांचे तुरेच असतात. फरक काट्यांत पाहावा: सौंदडीचे काटे लहान, बुडाशी रुंद आणि पेरांच्या मधल्या भागातही फांदीभर विखुरलेले असतात, पेराशी जोडीने नसतात. खोड साधारण एकच, राखाडी आणि भेगाळ असते, तर शेंग बारीक आणि लोंबती असते. दसऱ्याला अनेक गावे सीमोल्लंघनासाठी ज्या झाडाशी जातात ते हेच, आणि यंत्र चालवणाऱ्याला त्याची ओळख असेलच असे नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी राखायच्या प्रत्येक झाडाच्या खोडाला चुन्याचा ठळक पट्टा ओढून ठेवावा. गावशिवेवरची शमी चुकून पडली तर जो वाद उभा राहतो, तो निस्तरायला बराच काळ जातो.

२. जमीन कोणाची आहे याची खात्री करा

वेडी बाभूळ काढायला कोण हरकत घेणार, असे वाटते. पण झाड नकोसे असले तरी त्याखालची जमीन आणि त्याचे लाकूड कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४’ खाली साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा अशा अनुसूचित झाडांच्या तोडीला परवानगी लागते. वेडी बाभूळ त्या यादीत नाही, पण तिच्या जाळीत वाढलेले खैराचे किंवा चिंचेचे झाड त्या यादीत आहे, हे ध्यानात ठेवावे. जमीन नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत येत असेल, तर १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो आणि तिथे कोणत्याही झाडासाठी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे जावे. लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल, तर वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीबद्दल विचारून जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावे. तोंडी होकार नाक्यावर दाखवता येत नाही.

जवळ ठेवायचे कागद असे:

– चालू सातबारा आणि आठ-अ
– गटाचा नकाशा. हद्दीबद्दल शंका असल्यास मोजणीची क प्रत
– सामाईक बांधावरील झाडांसाठी शेजाऱ्याचे साध्या कागदावरचे संमतीपत्र, दोन पंचांच्या सह्यांसह
– सहहिस्सेदार असल्यास त्यांची संमती
– गायरान किंवा गावतलावाच्या जागेसाठी ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीचे पत्र
– काम सुरू होण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे

वनजमिनीला लागून गट असेल तर हद्दीच्या खुणा वनरक्षकाला जागेवर बोलावून पाहून घ्याव्यात. गायरानावरची बाभूळ ‘सरकारीच आहे, कोणी विचारत नाही’ म्हणून तोडणारे पुष्कळ असतात. तक्रार झाली की तीच तोड अतिक्रमणाच्या वादात ओढली जाते.

३. काय ठेवायचे आणि काय काढायचे ते ठरवा

वेडी बाभूळ सरसकट शत्रू मानण्याचे कारण नाही. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात, जळण म्हणून तिचे लाकूड उत्तम आहे, आणि मधमाश्यांना तिच्या फुलोऱ्यातून कोरड्या दिवसांतही मध मिळतो. चोपण जमिनीत तर तिला तोड नाही: कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने अत्यंत विम्ल (अल्कधर्मी), सामू (पीएच) १०च्या आसपास असलेल्या जमिनी सुधारण्यासाठी हेच झाड यशस्वीपणे वापरले आहे. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात ज्यांचे तुकडे पाणी साचून चोपण झाले आहेत, त्यांनी तिथली बाभूळ काढण्याची घाई करू नये.

ठेवायची झाडे मात्र राखलेली असावीत. झुडपातले सर्वांत सरळ आणि जाड खोड निवडून बाकीची बुंध्याशी कापावीत, निवडलेल्या खोडावरच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत साफ कराव्यात आणि बुडाशी येणारे फोक कोवळे असतानाच पावसाळ्यात दोन-तीन वेळा खुडावेत. अशा एकखोडी झाडाखाली सावली मिळते, गवत येते, आणि पडलेल्या शेंगा गोळा करता येतात. ज्याला त्या गोळा करायला वेळ नाही, त्याने झाडही ठेवू नये. नाला, तलाव किंवा कालव्याच्या काठावर मात्र एकही झाड ठेवू नये, कारण तिथली शेंग पाण्याबरोबर खालच्या सगळ्या शिवारात जाते.

४. साहित्य आणि काळजी

टिकाव, पहार, फावडे, कुऱ्हाड, लांब दांड्याचा कोयता आणि फांद्या ओढण्यासाठी दोन फाट्यांची लांब काठी इतके हातकामाला पुरते. चप्पल घालून हे काम करू नये. बाभळीचा काटा रबरी तळवा सहज पार करतो. जाड तळव्याचे बूट, चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मजुरांना धनुर्वाताची लस आधीच देऊन घ्यावी. काट्याचे टोक मोडून सांध्याजवळ आत राहिले तर सूज आणि ठणका अनेक दिवस जात नाही. सुईने उकरत बसण्यापेक्षा दवाखाना गाठावा. दाट जाळीत घोणस, नाग आणि दिवसा विसावलेली रानडुकरे असू शकतात, म्हणून कडेकडेने, आवाज करत आत जावे आणि रानडुकराला पळायला एक बाजू मोकळी सोडावी.

५. सुरुवात कोठून करावी

दाट जाळी सर्वांत जास्त डोळ्यांत भरते म्हणून माणूस तिथूनच सुरुवात करतो, आणि पैसा तिथेच संपतो. क्रम उलटा ठेवावा. मोकळ्या रानात एकटीदुकटी उभी असलेली झाडे आधी काढावीत, कारण उद्याची जाळी त्यांच्यापासूनच होणार आहे आणि ती काढायला खर्चही थोडा लागतो. त्यानंतर नाल्याच्या वरच्या अंगाची, शेंगा धरणारी मोठी झाडे घ्यावीत. दाट जाळी शेवटी, कडेकडून पट्ट्यापट्ट्याने आत सरकत काढावी, आणि या वर्षी जितका पट्टा पेरता किंवा लावता येईल तितकाच मोकळा करावा.

हंगामाचा विचार झाडाच्या आकारानुसार करावा. गुडघ्याइतकी रोपे पावसाळ्यात वाफसा असताना मुळासकट निघतात. हीच रोपे भाद्रपदानंतर काळी जमीन आवळली की हाताला दाद देत नाहीत. मनगटाएवढ्या बुंध्याची झाडे पाऊस उघडल्यावर, जमिनीत ओल असताना टिकावाने खणावीत. बीड, धाराशिव भागांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या की गावात मजूर मिळणे कठीण होते, त्यामुळे हे काम दसऱ्याच्या आगेमागे उरकलेले बरे. मोठी झाडे यंत्रानेच काढावी लागतात आणि त्यासाठी चैत्र-वैशाख योग्य, कारण ओल्या काळ्या मातीत यंत्र रुतते. शक्यतो शेंगा पिकून गळण्याआधी काम संपवावे; शेंगा पिकल्यावर झाड पाडले तर ते ओढत नेताना बीच पेरत नेल्यासारखे होते.

६. मुळासकट काढणे

सर्व यश या एका कामावर अवलंबून आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. वेड्या बाभळीचे फुटवे खोल गेलेल्या मुळांतून येत नाहीत. ते खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथल्या फुगीर भागातून येतात. हा भाग जमिनीच्या पृष्ठभागापासून खाली साधारण वीतभर, जुन्या झाडात त्याहून थोडा अधिक असतो. बुंध्याभोवतीची माती बाजूला केली की तो स्पष्ट दिसतो: खालचे मूळ गुळगुळीत आणि एकसारखे असते, वरचा भाग मात्र गाठाळ, जाडजूड सालीचा आणि बारीक उंचवट्यांनी भरलेला असतो. प्रत्येक उंचवटा म्हणजे झोपलेला डोळा आहे. जमिनीवर झाड तोडले की हे सगळे डोळे जागे होतात.

म्हणून बुंध्याभोवती हातभर रुंदीचा खड्डा घेऊन फूटभर खोलीपर्यंत माती काढावी, आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावीत, आणि गाठाळ भाग संपून मूळ गुळगुळीत झाले की त्याखाली मुख्य मूळ कापावे. पूर्ण मूळ उपसण्याची गरज नाही. ते कित्येक मीटर खोल गेलेले असते आणि गाठाळ भाग निघाल्यावर खाली राहिलेले मूळ कुजून जाते. काढलेला खुंट उलटा करून उन्हात टाकावा. तो मातीला टेकून राहिला आणि वर पाऊस पडला, तर त्यालाही कोंब येतात.

खुंट जाळण्याची पद्धत काही भागांत आहे. वरचा भाग जळतो, मातीखालचे डोळे शाबूत राहतात, आणि वैशाखातल्या वाऱ्यात आग शेजारच्या गंजीपर्यंत जाण्याची भीती वेगळीच. खुंटावर मीठ, डिझेल किंवा जुने इंजिन ऑइल ओतण्याचे सल्लेही मिळतील. मिठाने जमीन नासते आणि तेल विहिरीपर्यंत झिरपते, तेव्हा हे दोन्ही टाळावेत.

तलावाच्या किंवा बंधाऱ्याच्या भरावावर उगवलेली मोठी झाडे स्वतः उपसू नयेत. मुळाच्या जागी राहिलेल्या पोकळीतून पाणी वाट काढते आणि भराव खचतो. तिथली झाडे कशी काढायची हे जलसंधारण किंवा पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याने ठरवावे. नाल्याच्या काठावरही दोन्ही बाजू एकाच वर्षी उघड्या करू नयेत, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात काठ ढासळतो.

७. यंत्र आणि ठेकेदार

जेसीबीचा मीटर तासावर चालतो, आणि चालकाला घाई असेल तर बकेटच्या धक्क्याने झाड जमिनीसरशी मोडून वर माती ओढणे सोपे पडते. रान स्वच्छ दिसते, पैसे चुकते होतात आणि पावसानंतर खुंट बोलू लागतात. त्यामुळे यंत्र चालू असताना मालकाने किंवा विश्वासातल्या माणसाने समोर उभे राहावे, प्रत्येक खड्ड्यातून गाठाळ खुंट निघालेला पाहावा आणि मगच पुढच्या झाडाकडे जाऊ द्यावे. वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम यांची सरमिसळ होऊ नये म्हणून शक्यतो लहान बकेट मागावी.

लाकडाच्या मोबदल्यात रान साफ करून देणारे ठेकेदारही मिळतात. वीटभट्टी, गुऱ्हाळ, तंदूर आणि कोळसा भट्टीसाठी या लाकडाला मागणी आहे. व्यवहार वाईट नाही, पण त्यातला सापळा ठरलेला आहे: ठेकेदार जाड लाकूड घेऊन जातो आणि खुंट व काटेरी शेंडे तुमच्या वाट्याला ठेवतो. आमच्या भागात एका ठेकेदाराने असेच अर्धवट रान सोडून पुढच्या गावाचा रस्ता धरला, आणि विखुरलेल्या वाळक्या काट्यांनी पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरची चाके बसली. करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खुंट गाठाळ भागासह काढणे, शेंडे एका जागी रचणे, आणि वजन कोणत्या काट्यावर करायचे. ठरलेल्या रकमेचा काही भाग पहिल्या पावसानंतर फुटवे पाहून देण्याचे ठरवावे. कोळसा भट्टी रानातच लावायची असेल, तर ती घर, गोठा आणि कडब्याच्या गंजीपासून दूर असावी. तिच्या धुरात विषारी वायू असतो, तेव्हा तिच्याजवळ झोपणे धोक्याचे आहे.

शेंडे जाळून टाकण्यापेक्षा शेताच्या कडेला कुंपण म्हणून रचावेत, मात्र त्यावर पिकलेल्या शेंगा नसाव्यात.

८. तणनाशकाबद्दल

जिथे खणणे शक्यच नाही, उदाहरणार्थ खडकाच्या भेगेत किंवा विहिरीच्या बांधकामाला लागून, तिथे ताज्या कापलेल्या खुंटावर तणनाशक लावण्याची पद्धत आहे. तिच्यात महत्त्वाची गोष्ट वेळ: कापल्यावर काही मिनिटांतच, सालीच्या आतल्या ओल्या कड्यावर औषध लागले पाहिजे, कारण काप सुकला की ते आत जात नाही. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात विचारून, शिफारस असलेलेच औषध लेबलवरच्या प्रमाणात वापरावे. उभ्या जाळीवर फवारणी करू नये. पाने गळतात, झाड बहुधा पुन्हा फुटते आणि शेजारच्या कापसाला झळ बसते ती वेगळीच.

९. शेंगा, जनावरे आणि शेणखत

तुमच्या रानात एकही झाड उरले नाही तरी बी येतच राहते, आणि ते येते जनावरांच्या पोटातून. पाला तुरट असल्यामुळे जनावरे तो सहसा खात नाहीत, पण गोड शेंगांवर तुटून पडतात. बीभोवतीचे कवच इतके टणक असते की गाय-बैलांच्या पोटातून बरेच बी सहीसलामत बाहेर पडते आणि शेणाच्या ओल्या गोळ्यात ते आणखी सहज रुजते. शेळ्या-मेंढ्या त्यातले बरेच चावून पचवतात, पण सगळे नाही. जमिनीत पडून राहिलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते.

याचे तीन परिणाम ध्यानात घ्यावेत. पहिला, अर्धवट कुजलेल्या उकिरड्याचे खत शेतात टाकू नये; ढीग नीट तापून कुजू द्यावा, मधून एकदा तरी पालटावा. दुसरा, शेतात मेंढ्या बसवण्याची रीत जमिनीसाठी उत्तम आहे आणि ती सोडू नये, मात्र कळप कोणत्या रानातून चरून आला ते मेंढपाळाला विचारावे आणि पुढच्या पावसात त्या तुकड्यावर खास लक्ष ठेवावे. तिसरा, बैल शेंगा खाऊन आले असतील तर काही दिवस त्यांना नव्याने साफ केलेल्या तुकड्यात बांधू नये.

शेंगांचा खुराक करायचा असेल तर त्या गोळा करून कडक वाळवाव्यात आणि बी फुटेल इतक्या बारीक दळाव्यात. दळलेले बी रुजत नाही आणि त्यातले प्रथिनही जनावराला मिळते. जोधपूरच्या काझरी या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने शेंगांच्या अशा उपयोगावर बरेच काम केले आहे. हा भरडा पेंड आणि इतर खुराकात थोड्या प्रमाणात मिसळूनच द्यावा. दीर्घकाळ केवळ शेंगांवर ठेवलेल्या गायी-बैलांच्या जबड्याच्या नसा आणि स्नायू निकामी होतात, चेहरा वाकडा पडतो, चारा तोंडातून गळू लागतो आणि जनावर खंगत जाते. दुष्काळात चारा नाही म्हणून जनावरे बाभळीच्या जाळीवर सोडून देण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवावे.

१०. मोकळी झालेली जमीन लगेच व्यापा

उघडी जमीन वेड्या बाभळीला हवीच असते. साफ केलेल्या तुकड्यावर त्याच पावसाळ्यात काहीतरी उभे राहिले पाहिजे. पेरणीयोग्य जमीन असेल तर पहिल्या वर्षी कोळपणी करता येईल असे ओळीचे पीक घ्यावे, म्हणजे नवी रोपे कोळप्याखाली जातात. मुरमाड पोटखराब तुकड्यावर मारवेल किंवा पवना गवत आणि सोबत स्टायलो हे शेंगावर्गीय चारापीक पेरावे. बांधावर सीताफळ लावावे. शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो, आणि बालाघाटाच्या हलक्या जमिनीत ते चांगले येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

ज्याला याच कुळातले, पण आपल्या मातीतले झाड हवे असेल त्याने सौंदड लावावी. उन्हाळ्याच्या अखेरीस पिकलेल्या शेंगा झाडावरूनच घ्याव्यात, भुंग्याने पोखरलेले बी टाकून द्यावे आणि उरलेले रात्रंदिवस पाण्यात भिजवून लांब पिशवीत सेंटिमीटरभर खोल टोकावे. पिशवी लांबच हवी, कारण रोप वर बोटभर वाढते तोवर मूळ खाली कितीतरी पुढे गेलेले असते. आखूड पिशवीत ते गुंडाळते आणि झाड पुढे धरत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला दीड फुटाच्या खड्ड्यात रोप लावावे, पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे आणि शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण करावे. वाढ संथ असते, पहिली काही वर्षे तर काहीच घडत नाही असे वाटते. पाल्यासाठी छाटणी करण्याची घाई करू नये. मोठ्या झाडाखाली बाजरीसारखे पीक चांगले येते आणि पाला शेळ्यांना आवडतो. राजस्थानात तिला खेजडी म्हणून राज्यवृक्षाचा मान आहे. तेलंगणातही ती राज्यवृक्ष आहे.

११. पुढची तीन वर्षे

पहिल्या वर्षी मृगाच्या पावसानंतर पंधरवड्याने संपूर्ण रान पायी फिरावे. जिथे खुंटाचा गाठाळ भाग राहिला असेल तिथे कोवळ्या, लालसर हिरव्या फोकांचे कडे उभे राहिलेले दिसेल. ते फोक हाताने मोडून जाऊ नये, कारण मोडलेल्या जागी दुप्पट येतात. तिथे पुन्हा खणून राहिलेला भाग काढावा. बियांची रोपे वेगळी ओळखू येतात: सुरुवातीला दोन जाडसर गोल दले आणि मग बारीक पिसासारखे पान. वाफशावर ती बोटांच्या चिमटीत येतात. पोळ्याच्या सुमारास दुसरी आणि रब्बीच्या पेरणीआधी तिसरी फेरी करावी.

दुसऱ्या वर्षी फुटवे कमी आणि रोपे जास्त असतात, विशेषतः जनावरे जिथे बसतात तिथे आणि पुराचे पाणी जिथे ओसरते त्या रेषेवर. तिसऱ्या वर्षी एक फेरी पुरते, पण ती चुकवू नये, कारण दोन पावसाळे दुर्लक्षित राहिलेल्या रोपाला पुन्हा टिकावच लागतो. प्रत्येक फेरीत रोपे कोठे जास्त सापडली ते गटाच्या नकाशावर पेन्सिलीने खुणावून ठेवले, तर बी कोणत्या वाटेने येते ते दिसू लागते. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याची नाल्यावरची झाडे हेच त्याचे कारण निघाले, तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या उन्हाळ्यात यंत्राचे भाडे वाटून घेऊन दोन्ही गटांचे काम एकाच वेळी काढावे, आणि ते शेंगा पिकण्याआधी.